दुखरा गुडघा, प्लेऑफ आणि क्वार्टरबॅक: कोच खेळवतोय, आपण हो म्हणायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डॅलसच्या उत्तरेला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातला सोळा वर्षांचा मुलगा शाळेच्या व्हर्सिटी, म्हणजे मुख्य, फुटबॉल संघात क्वार्टरबॅक आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या डाव्या गुडघ्याचं आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे एमसीएल, दुखावलं. एमआरआयमध्ये ग्रेड दोन, गुडघ्याच्या मधलं लिगामेंट, म्हणजे एसीएल, शाबूत. पुढच्या शुक्रवारी प्लेऑफची पहिली मॅच आहे. कोच म्हणतात, ब्रेस लावून खेळेल. मुलगा म्हणतो, मला काही होत नाही. ऑर्थोपेडिक डॉक्टर म्हणाले, सहन होईल तसं वाढवत न्या. वडील विचारतात: कोच आमच्या मुलाच्या जिवावर उदार झालेत का? आणि आम्ही आडवे गेलो तर त्याचं नुकसान करतोय का?

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. हे अमेरिकन फुटबॉल. क्वार्टरबॅक म्हणजे सेंटरकडून चेंडू ज्याच्या हातात येतो, जो तो फेकतो, दुसऱ्याला देतो किंवा स्वतः घेऊन पळतो, आणि ज्याला आडवं करणं हे समोरच्या संघाचं मुख्य काम असतं. त्याच्यासमोर भिंतीसारखे उभे राहतात ती ऑफेन्सिव्ह लाइन, आणि त्या भिंतीमागची त्याची जागा म्हणजे पॉकेट.

मी पुण्यात फिजिओथेरपी शिकले, इकडे येऊन ॲथलेटिक ट्रेनर, म्हणजे संघातल्या खेळाडूंच्या दुखापती बघणारी, झाले, आणि शुक्रवारच्या रात्री बहुतेक वेळा शाळेच्या मैदानाच्या कडेला उभी असते. त्यामुळे कोच, मुलगा आणि आईबाप या तिघांच्या मधे सापडणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. तुमच्या मुलाचा गुडघा मी तपासलेला नाही, त्यामुळे 'खेळू द्या' किंवा 'देऊ नका' असं मी इथून सांगणार नाही. पण निर्णय कसा घ्यायचा हे सांगू शकते.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. गुडघा कितपत बरा झालाय, हा एक. आणि त्या गुडघ्याला शुक्रवारी नेमकं कोणतं काम लावणार, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर डॉक्टर आणि शाळेचा ट्रेनर देतील. दुसऱ्याचं उत्तर फक्त कोचकडे आहे, आणि माझ्या अनुभवात त्यांना तो प्रश्न कोणी विचारतच नाही. सगळे 'खेळणार की नाही' यावर अडून बसतात. खरं म्हणजे धोका बराचसा 'काय खेळणार' यावर ठरतो.

आधी गुडघ्याचं बघू. ग्रेड दोन म्हणजे लिगामेंट अर्धवट फाटलंय, आणि त्यात खूप फरक असू शकतो. साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. तुमचा मुलगा त्या पट्ट्याच्या अगदी सुरुवातीला आहे. तीन आठवडे झाले म्हणजे झालं, असं नसतं. गुडघा साधारण तीस अंशांत वाकवून आतल्या बाजूला ताण दिला की सांधा उघडतो का आणि दुखतं का, हे डॉक्टरांनी किंवा ट्रेनरनी हाताने बघितलंय का ते विचारा. सोळाव्या वर्षी काही मुलांच्या हाडांची वाढ अजून चालू असते, आणि त्या वयात आतल्या बाजूचं दुखणं कधी कधी लिगामेंटचं नसून हाडाच्या वाढीच्या पट्टीचं निघतं. एमआरआयमध्ये ते दिसायला हवं. रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख आहे का, एकदा बघून घ्या.

आता डावा गुडघा. मुलगा उजव्या हाताने फेकतो असं धरून चालते. चेंडू फेकताना उजवा पाय मागे रोवला जातो, डावा पाय लक्ष्याच्या दिशेने पुढे पडतो आणि सगळं वजन त्याच्यावर येतं. कंबर त्या पायावरून फिरते. बुटाचे खिळे गवतात रुतलेले, गुडघा जवळपास सरळ, नजर तीस यार्ड लांब धावणाऱ्या मित्रावर. या एका क्षणी क्वार्टरबॅक पूर्ण उघडा असतो. त्याच वेळी कोणी बाहेरून किंवा खालून त्या पायावर आदळलं की गुडघा आत मोडतो, आणि पहिला ताण येतो एमसीएलवरच. एनएफएल या व्यावसायिक लीगमधले तीन क्वार्टरबॅक बघा: जानेवारी 2006 मध्ये सिनसिनाटीचा कार्सन पामर, सप्टेंबर 2008 मध्ये न्यू इंग्लंडचा टॉम ब्रेडी, नोव्हेंबर 2020 मध्ये पुन्हा सिनसिनाटीचा जो बरो. तिघे उजव्या हाताने फेकणारे, तिघांचा डावा गुडघा, आणि तिघांच्याही पायावर घाव बसला तो पॉकेटमध्ये, फेकताना. पामर आणि ब्रेडीच्या दुखापतींनंतर एनएफएलने क्वार्टरबॅकच्या गुडघ्यावर खालून आदळण्याविरुद्धचे नियम कडक केले. बरोच्या वेळी ते नियम होते, तरी व्हायचं ते झालंच.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण, कोच तुम्हाला बहुधा असं म्हणतील: "काळजी करू नका, त्याला पळवणार नाही, पॉकेटमधूनच फेकेल." ते मनापासून म्हणत असतील. पण डाव्या एमसीएलला पॉकेट ही सुरक्षित जागा नाही. बाल्टिमोरच्या लमार जॅक्सनचं उदाहरण बघा. इतकं पळणारा क्वार्टरबॅक क्वचितच झाला असेल, आणि तो पळतो म्हणून मोडणार असं सगळे म्हणायचे. 2022 च्या डिसेंबरात डेन्व्हरविरुद्ध त्याचा गुडघा गेला तो पॉकेटमध्ये सॅक होताना, म्हणजे चेंडू फेकायच्या आधीच पाडला जाताना. पळणारा क्वार्टरबॅक बऱ्याचदा घाव येताना बघतो, अंग चोरतो, पाय पुढे करून घसरतो. पॉकेटमधल्याला तो दिसतच नाही. आणि ज्याचा गुडघा दुखतोय तो बाजूला सरकायलाही अर्धा क्षण उशीर करतो. क्रिकेटमध्ये पूर्वी जखमी बॅट्समनला रनर मिळायचा. इथे पायाचं काम दुसऱ्याला देण्याची सोयच नाही.

आता तुमचा मूळ संशय, कोच बेफिकीर असतात का. या विषयातली सगळ्यात जास्त चर्चा झालेली घटना जरा नीट सांगते, कारण तिच्यात कोणी खलनायक नाही आणि तरी सगळं बिघडलं.

2012 मध्ये वॉशिंग्टनकडे रॉबर्ट ग्रिफिन हा नवा क्वार्टरबॅक होता. पहिल्याच हंगामात त्याने पळून 815 यार्ड काढले. मुख्य कोच होते माइक शॅनहन, आणि आक्रमणाच्या चाली आखायचा त्यांचा मुलगा काइल. ग्रिफिनच्या उजव्या गुडघ्याचं एसीएल 2009 मध्ये कॉलेजात असताना एकदा फाटून दुरुस्त झालेलं होतं. 9 डिसेंबर 2012 ला बाल्टिमोरविरुद्ध तो पळत असताना त्याच उजव्या गुडघ्यावर घाव बसला आणि बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे एलसीएल, दुखावलं. तो बाहेर आला, काही चालींसाठी परत आत गेला, मग लंगडत बाहेर. साइडलाइनवर गुडघ्याचे नावाजलेले सर्जन जेम्स अँड्र्यूज उभे होते. त्यांनी त्याला परत जायची परवानगी दिली होती की त्यांना तपासायलाच मिळालं नव्हतं, यावर नंतर बराच वाद झाला. मला त्या वादात शिरायचं नाही. पण तो वाद होऊ शकला, म्हणजेच 'हो' कोण म्हणणार हे मैदानावरच्या त्या दोन मिनिटांत कोणालाही पक्कं माहीत नव्हतं. ते आधी ठरलेलं असतं तर वादाला जागाच राहिली नसती.

पुढच्या मॅचला ग्रिफिन बसला. राखीव क्वार्टरबॅक कर्क कझिन्स खेळला आणि क्लीव्हलंडविरुद्ध जिंकला. बाल्टिमोरची मॅचही शेवटी त्यानेच ओढून काढली होती. म्हणजे पर्याय नव्हता असं नाही. मग ग्रिफिन ब्रेस लावून परतला, संघ जिंकत गेला, आणि 6 जानेवारी 2013 ला प्लेऑफची मॅच आली, सिॲटलविरुद्ध, घरच्या मैदानावर. मैदानाची अवस्था वाईट होती, गवताचे ढेपळे निघत होते. पहिल्या क्वार्टरमध्ये वॉशिंग्टन 14-0 पुढे. त्याच क्वार्टरमध्ये फेकताना ग्रिफिनचा गुडघा वाकडा पडला, आणि तिथून पुढे तो लंगडतोय हे टीव्हीवर बघणाऱ्यालाही दिसत होतं. कोचनी त्याला विचारलं. तो म्हणाला, दुखतंय, पण इजा नाही, मला खेळायचंय. तो खेळत राहिला. चौथ्या क्वार्टरमध्ये एक खराब स्नॅप, म्हणजे सेंटरने मागे दिलेला चेंडू, जमिनीवर पडला, तो उचलायला वळताना कोणी हातही न लावता त्याचा गुडघा आत गेला. मॅच 24-14 अशी हरली. तीन दिवसांनी शस्त्रक्रिया झाली, एसीएल आणि एलसीएल दोन्हींची. पुढच्या सप्टेंबरात तो खेळला, पण तो आधीचा ग्रिफिन नव्हता. त्या हंगामात संघ 3-13 वर संपला आणि शॅनहन यांची नोकरी गेली.

यात मला दिसतं ते असं. निर्णयाची वेळ आठवडाभर आधी होती आणि तो घेतला गेला मॅचच्या गर्दीत. विचारलं गेलं ते खेळाडूला, ज्याचं उत्तर सगळ्यांना आधीच माहीत होतं. आणि तो लंगडायला लागल्यावर काय करायचं, याचा आकडा किंवा खूण कोणी लिहून ठेवलेली नव्हती. 14-0 असताना 'बघू पुढच्या ड्राइव्हला', म्हणजे चेंडू परत आपल्याकडे आल्यावर, असं म्हणणं सोपं असतं. पिछाडीवर पडल्यावर त्याला काढणं अशक्य वाटायला लागतं. स्कोअर बदलला की माणसांची धोक्याची व्याख्या बदलते. कोचचीच नव्हे, आईबापांचीही. मी स्टँडमध्ये पाहिलंय.

म्हणून मी ज्या संघासोबत असते तिथे अशा मुलासाठी मॅचच्या आधी, शक्यतो बुधवारपर्यंत, थांबायच्या खुणा ठरवून घेते आणि कोचच्या हातात कागद देते. पळताना लंगड दिसली की बाहेर. फेकताना चेंडू सतत लक्ष्याच्या वरून जायला लागला की बाहेर, कारण त्याचा अर्थ बहुतेकदा पुढचा पाय वजन घेत नाहीये आणि मुलगा नुसत्या हाताने फेकतोय. तसं फेकत राहिलं की गुडघ्याचं दुखणं खांद्याला जातं. गुडघ्यावर थेट घाव बसला तर तपासल्याशिवाय पुढची चाल नाही, आणि तपासताना काय वाटतं ते मी सांगणार, मुलगा नाही. कागदावर असलं की रात्री साडेनऊला कोणाशी भांडावं लागत नाही. बहुतेक कोचना उलट बरंच वाटतं, कारण निर्णय त्यांच्या डोक्यावरून उतरतो.

मुलाला का विचारायचं नाही? तो खोटारडा असतो म्हणून नव्हे. त्याला खरंच दुखत नसतं. प्लेऑफच्या रात्री, हजारो लोकांसमोर, अंगात जे काही भरलेलं असतं त्यात गुडघा जाणवत नाही. शिवाय मुलं हुशार असतात. कोचसमोरून जाताना नीट चालतात आणि पाण्याच्या पिंपामागे गेल्यावर पाय ओढतात. मी मुद्दाम पिंपाच्या पलीकडे उभी राहते. आणखी एक गोष्ट, घरीच तपासा: चाचणीच्या दिवशी सकाळी त्याने आयबुप्रोफेन घेतलंय का? गोळी घेऊन पास केलेली चाचणी म्हणजे चाचणी नव्हे.

चाचणीत काय असावं, तेही सांगते, म्हणजे तुम्हाला शाळेच्या ट्रेनरशी बोलता येईल. गुडघा पूर्ण वाकतो आणि पूर्ण सरळ होतो, सूज नाही, आतल्या बाजूला दाबून दुखत नाही. एका पायावर उडी मारताना डावा पाय उजव्याच्या नव्वद टक्के तरी जातो, आणि उतरताना गुडघा आत कलत नाही. सरळ पळणं, मग थांबणं, मग कापून वळणं. हे सगळं कोणत्याही खेळाडूला लागतं. क्वार्टरबॅकचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. तीन पावलं मागे, फेक. पाच पावलं मागे, एक छोटी उडी पुढे, फेक. उजवीकडे पळत फेक, डावीकडे पळत फेक. उजव्या हाताच्या मुलाला डावीकडे पळत फेकताना कंबर उलटी फिरवावी लागते, आणि तिथे डाव्या गुडघ्याची खरी परीक्षा होते. दुखणाऱ्या मुलाचा चेहरा इथे बदलतो.

पण इथे एक मोठी मेख आहे. सरावात क्वार्टरबॅकला कोणी हात लावत नाही. बहुतेक संघांत त्याचा शर्ट वेगळ्या रंगाचा, बऱ्याचदा लाल असतो, आणि त्याला टॅकल करायला बंदी असते. नियम चांगलाच आहे. पण त्यामुळे 'आठवडाभर सराव केला, काही झालं नाही' या वाक्याला फार अर्थ उरत नाही, कारण ज्या गोष्टीची भीती आहे ती आठवडाभरात एकदाही घडलेली नसते. म्हणून मी एका सहायक कोचला हातात जाड पॅड घेऊन उभं करते आणि मुलगा फेकत असताना कधी खांद्याला, कधी कंबरेला धक्का द्यायला सांगते, कुठून येणार हे न सांगता. पायाला अजिबात नाही. बघायचं हे असतं, की न ठरवलेलं पाऊल टाकावं लागलं तर डावा पाय ते टाकतो का. आणि या सगळ्यानंतरची दुसऱ्या दिवसाची सकाळ बघायची. रात्री गुडघा छान असतो, सकाळी वाटीच्या कडेचे खळगे भरलेले दिसतात. ती सूज आली तर गुडघ्याने उत्तर दिलंय असं समजा.

ब्रेसबद्दल एवढंच: बिजागरीचा ब्रेस बाजूने येणाऱ्या घावाचा काही भाग अंगावर घेतो, म्हणून एमसीएलला तो द्यावाच. पण पाय रुतून शरीर फिरलं तर तो एसीएलला वाचवेल अशी खात्री कोणी देऊ नये. ग्रिफिनलाही ब्रेस होता.

आता कोचला काय विचारायचं. तुम्ही रागाने गेलात तर ते बचावात शिरतील आणि संपलं. टेक्ससमध्ये हायस्कूल फुटबॉल म्हणजे गावाचा सण असतो आणि कोचवर त्या गावाचा दबाव असतो. ते समजून घ्या, आणि त्यांना त्यांच्याच भाषेत प्रश्न विचारा. तो खेळला तर कोणत्या चाली यादीतून काढणार? क्वार्टरबॅकने स्वतः घेऊन पळायच्या ठरवलेल्या चाली निघायला हव्यात. झोन रीड, ज्यात चेंडू द्यायचा की ठेवायचा हे तो आयत्या वेळी ठरवतो, तीही निघायला हवी, कारण चेंडू दुसऱ्याला दिला तरी फसलेला बचावपटू त्याच्यावर आदळतो. एक यार्डासाठी मधून घुसायची स्नीक तर नकोच, तिथे सगळ्यांचे गुडघे एका ढिगात असतात. त्या वेळी स्नॅप दुसऱ्याला देता येतो. त्याऐवजी शॉटगनमधून, म्हणजे सेंटरपासून काही पावलं मागे उभं राहून, लवकर सुटणाऱ्या फेका, चेंडू हातात कमीत कमी वेळ.

दुसरं, त्याच्या पुढच्या पायाच्या बाजूला कोण ब्लॉक करणार, म्हणजे बचावपटूंना अडवणार? हा प्रश्न ऐकून कोच चमकतील, आणि तेच हवंय. 29 जानेवारी 2023 ची सॅन फ्रान्सिस्को विरुद्ध फिलाडेल्फिया ही मॅच आठवा. पहिल्याच ड्राइव्हमध्ये फिलाडेल्फियाच्या हासन रेडिकने सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी याच्या फेकणाऱ्या हातावर घाव घातला आणि कोपराचं लिगामेंट फाटलं. रेडिक हा त्या मोसमातल्या सर्वात घातक पास-रशरांपैकी, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्या बचावपटूंपैकी एक, आणि त्या चालीत त्याच्यासमोर उभा होता एक टाइट एंड, म्हणजे लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही पकडणारा खेळाडू, एकटा. चाल आखणारा कोच होता काइल शॅनहन, तोच, आधीच्या गोष्टीतला मुलगा. कोणी नियम मोडला नाही, कोणी जखमी खेळाडूला जबरदस्तीने खेळवलं नाही. पण कागदावरच्या एका जोडीने त्या दिवसाचा निकाल ठरवला. असले निर्णय आईबापांना दिसत नाहीत, आणि 'खेळवायचं का' यापेक्षा ते कमी महत्त्वाचे नसतात. तुमच्या मुलासाठी याचा अर्थ साधा आहे: टाइट एंड आणि चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक यांच्यापैकी एकाने तरी मागे राहून डाव्या बाजूला मदत करायची. पास पकडायला एक माणूस कमी होतो, ही किंमत कोचनी द्यायला तयार असलं पाहिजे. नसतील, तर मुलगा खेळायला तयार नाही असं समजा.

तिसरं, राखीव क्वार्टरबॅकने या आठवड्यात पहिल्या संघाबरोबर किती स्नॅप घेतले? मी सोमवारी कोचला पहिला हाच प्रश्न विचारते. राखीव मुलाला सराव नसेल तर शुक्रवारी कोचकडे पर्यायच नसतो, मग कागदावर थांबायच्या खुणा कितीही लिहा. पर्डीची तीच मॅच पुढे बघा. तो स्वतः त्या हंगामातला तिसरा क्वार्टरबॅक होता. पहिला, ट्रे लान्स, सप्टेंबरात मधून पळायच्या ठरवलेल्या चालीवर घोटा मोडून गेला होता, दुसऱ्याचं पाऊल डिसेंबरात मोडलं. पर्डीनंतर आलेल्या जोश जॉन्सनला तिसऱ्या क्वार्टरमध्ये डोक्याला मार बसला, आणि ज्याला चेंडू धड फेकता येत नव्हता त्या पर्डीला परत आत जावं लागलं. मॅच 31-7 अशी गेली. एनएफएलने त्याच वर्षी आणीबाणीचा तिसरा क्वार्टरबॅक ठेवायची मुभा परत आणली. शाळेत असा नियम कोणी करून देत नाही, कोचने स्वतःच दुसऱ्या मुलाला तयार करावं लागतं.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते, कारण ती वरच्या कशालाच लागू नाही. डोक्याला मार. तिथे यादी नाही, वाटाघाटी नाहीत. टेक्ससच्या कायद्यानुसार कन्कशनचा, म्हणजे मेंदूला धक्का बसल्याचा, संशय असलेला विद्यार्थी त्या दिवशी परत खेळू शकत नाही, आणि नंतर त्याला परत खेळायची परवानगी द्यायचा अधिकार कोचला नाहीच. मी तर मुलाचं हेल्मेट काढून काखेत धरून उभी राहते, म्हणजे गोंधळात तो आत पळू शकत नाही. मायामीचा तुआ टागोव्हायलोआ 25 सप्टेंबर 2022 ला डोकं आपटून उठताना लडखडला, पाठीचं दुखणं म्हणून त्याच मॅचमध्ये परत खेळला, आणि चारच दिवसांनी सिनसिनाटीत त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. त्यानंतर एनएफएलने तोल जाणं हे कारण काही का असेना, त्या दिवशी परत न खेळण्याचं लक्षण ठरवलं. शुक्रवारी गुडघ्यावर सगळ्यांचं लक्ष असेल. तुम्ही स्टँडमधून तो पडल्यावर उठतो कसा, हे बघा.

आणि त्याला घसरायला शिकवा, म्हणजे पाय पुढे करून. टेक्ससमध्ये शाळेचं फुटबॉलही कॉलेजच्या नियमांनी चालतं, आणि पाय पुढे करून घसरायला सुरुवात केली की चाल तिथेच संपते. डोकं पुढे घालून उडी मारली तर दोन यार्ड जास्त मिळतील, बाकी काही मिळत नाही. तुआची 2024 च्या सप्टेंबरातली कन्कशन अशाच एका पळण्याच्या शेवटी, घसरायच्या ऐवजी डोकं घालून गेल्यावर झाली. दुखऱ्या गुडघ्याच्या मुलाला घसरायचंही भय वाटतं, म्हणून या आठवड्यात ओल्या गवतावर, ब्रेस लावून, उजव्या कुशीवर उतरत सराव करून घ्या. कोणी अंगावर आलं तर चेंडू मैदानाबाहेर फेकून देण्याचाही सराव करून घ्या. सोळा वर्षांच्या मुलाला ती हार वाटते, त्यामुळे हे कोचच्याच तोंडून आलं तर बरं.

तुम्ही विचारलंत, आम्ही नाही म्हणालो तर त्याचं नुकसान होईल का. कॉलेजचे लोक मुलाचे खेळ व्हिडिओवर बघतात, आणि ते संबंध हंगामाचे असतात. लंगडत फेकलेल्या दोन क्वार्टरने त्यात भर पडत नाही. दुखापतींचा इतिहासही ते विचारतात. घरातलं वातावरण बिघडेल, ते मात्र खरं. तो आठवडाभर बोलणार नाही. म्हणून 'आम्ही नाही म्हणालो' असं होऊ देऊ नका. चाचणी, खुणा, चालींची यादी, हे सगळं त्याच्यासमोर ठरवा. मग तो चाचणीवर रागावेल, तुमच्यावर नाही. आणि पास झाला तर तुम्हालाही मान्य करावं लागेल, तेही आधीच कबूल करा.

वेळापत्रक असं ठेवा. सोमवारी ट्रेनर आणि कोच यांच्याशी एकत्र बोलणं, शक्य तर डॉक्टरांचं पत्र हातात घेऊन, ज्यात 'सहन होईल तसं' याऐवजी काय करायची परवानगी आहे ते स्पष्ट लिहिलेलं असेल. मंगळवारी गोळीशिवाय चाचणी. बुधवारी सकाळी सूज बघायची, आणि त्याच दिवशी हो किंवा नाही. गुरुवारी निर्णय बदलायचा नाही, निदान 'नाही'चा 'हो' तर करायचाच नाही. खेळला तर शनिवारी सकाळी गुडघा पुन्हा बघायचा, आणि संघ जिंकला असेल तरी पुढच्या मॅचसाठी हे सगळं पहिल्यापासून करायचं. एका मॅचची परवानगी दुसरीला चालत नाही.

तीस अंशांतल्या ताणाच्या तपासणीत काय निघालं आणि एमआरआयच्या रिपोर्टमध्ये हाडाबद्दल काय लिहिलंय, ते कळवलंत तर आणखी नेमकं सांगता येईल. तपासणीत सांधा अजून उघडत असेल, तर मंगळवारची वाट बघायची गरज नाही. या शुक्रवारी त्याने हातात हेडसेट घेऊन कोचच्या शेजारी उभं राहावं.